माळ्यावरचा रेडिओ

जुन्या मराठी घराचा माळा उपसावयास घेतला, की पितळी घंगाळ, मोडका पाळणा, दिवाळी अंकांचे वाळवी लागलेले गठ्ठे आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला व्हॉल्व्हचा रेडिओ एवढ्या वस्तू बहुधा हाती येतातच. घंगाळ चिंचेने घासून दिवाणखान्यात मांडले जाते. रेडिओचे काय करावे हे मात्र कोणास सुचत नाही. घरातील एखादा उत्साही तरुण त्यावरची धूळ झटकतो, मागची वायर सोडवून पिन सरळ भिंतीतील सॉकेटमध्ये खोचतो आणि ‘बघू या, चालतो का’ असे म्हणत बटण फिरवतो. पुढील दोन मिनिटांत जे घडते त्यामुळे दुरुस्त होण्याजोगे कित्येक संच कायमचे निकामी झाले आहेत. तीस-चाळीस वर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आतून तपासल्याशिवाय विजेस जोडू नये, ही विनंती या लेखाच्या आरंभीच केलेली बरी. पुढचे विवेचन मग सावकाश वाचले तरी चालेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात या पेटीचे स्थान करमणुकीच्या साधनाहून काहीसे वरचे होते. बाजारात एक भाषा, शाळेत दुसरी, कचेरीत कदाचित तिसरी. घराबाहेरून येणारे मराठी कानी पडावयाचे ते बहुतांशी या पेटीतूनच. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रसारित केले. गदिमा आणि सुधीर फडके ही नावे घरोघरी झाली, त्यात या पेटीचा वाटा फार मोठा. त्या उपक्रमामागची कल्पकता पुणे केंद्रावरील सीताकांत लाड यांची, आणि ते मूळचे गोव्याचे, ही गोष्ट आपल्या गोमंतकीय वाचकांस सुखावेल. माहितीमंत्री असताना १९५२ मध्ये आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावणारे बाळकृष्ण केसकर हेही मराठीच. त्या कात्रीमुळे सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू होईपर्यंत बहुतेक घरांच्या रेडिओचा काटा संध्याकाळी लघुलहरींवरच मुक्कामास असे. गोव्याच्या मुक्तिलढ्यात १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सरहद्दीवरील रानातून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. तो आवाज गोव्यातील घरांत दारे-खिडक्या लावून ऐकला गेला, तोही असल्याच संचांवर. म्हणून माळ्यावरची ती पेटी भंगारवाल्यास वजनावर देण्यापूर्वी एकदा उघडून पाहणे उचित ठरते.

उघडल्यावर जो तारांचा गुंता दिसतो त्याने दबून जाण्याचे कारण नाही. या यंत्राचे तीन भाग पडतात. घरातील विजेपासून २५० व्होल्टच्या आसपास सरळ प्रवाहाची वीज तयार करणारा पहिला. हवेतून आलेल्या लहरींतून हवे ते केंद्र निवडून त्यातील ध्वनी वेगळा काढणारा दुसरा. आणि तो क्षीण ध्वनी कर्ण्यास पेलेल इतका मोठा करणारा तिसरा, म्हणजेच ध्वनिवर्धक. हा तिसरा भाग स्वतंत्र पेटीत घालून त्यास गिटार जोडली, की झाला गिटारचा ॲम्प्लिफायर. यात अतिशयोक्ती नाही. ज्याच्या नावाचे ॲम्प्लिफायर आज जगभरचे वादक जिवापाड जपतात तो लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ-दुरुस्ती करणारा. १९३८ मध्ये त्याने तेथे दुरुस्तीचे दुकान काढले आणि गिटारी व ॲम्प्लिफायर यांचा पुढील सारा व्याप त्या दुकानातून वाढला. १९६०च्या सुमारास इंग्लंडमध्ये निघालेल्या आणि बीटल्सनी गाजविलेल्या ‘व्हॉक्स ए.सी. ३०’ या ॲम्प्लिफायरच्या अंतिम टप्प्यात ई.एल. ८४ जातीचे चार व्हॉल्व्ह असतात. त्याच जातीचा एकुलता एक व्हॉल्व्ह आपल्याकडील असंख्य रेडिओंतून बातम्या ऐकवीत असे.

व्हॉल्व्हच्या काचेवरील अक्षरे कोडी वाटतात. पण युरोपीय पद्धतीच्या संचांत त्यांचा अर्थ सरळ आहे. पहिले अक्षर आतील तंतूस लागणाऱ्या विजेचे, पुढची अक्षरे कामाची. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा तंतू. ‘एल’ म्हणजे कर्णा हलविणारा शक्तीचा व्हॉल्व्ह. ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज सरळ करणारा. ‘एम’ म्हणजे केंद्र नेमके लागले की मिटत जाणारा तो हिरवा डोळा. ई.सी.एच. ८१, ई.बी.एफ. ८९, ई.एल. ८४, ई.झेड. ८० अशी नावे दिसली, तर आत बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे आणि संच घरगुती दुरुस्तीस योग्य आहे.

नावे मात्र ‘यू’ या अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे यू.सी.एच., यू.एल., यू.वाय. अशी, तर हात आवरावा. काही शहरांच्या भागांत त्या काळी ए.सी.ऐवजी डी.सी. वीज असे. दोहोंवर चालावा म्हणून हा ‘ए.सी.-डी.सी.’ संच बनवीत. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, व्हॉल्व्हचे तंतू माळेतील मण्यांप्रमाणे एकामागे एक जोडलेले असतात आणि ज्या लोखंडी सांगाड्यावर सारे यंत्र बसविलेले असते ती चासीच विजेच्या एका तारेस थेट जोडलेली असते. पिन उलटी खोचली गेली, की २३० व्होल्ट चासीवर उतरतात. बटणाचा प्लास्टिकचा मुकुट निघाला असेल तर उघड्या दांड्यास लागलेले बोटही प्राण घेण्यास पुरते. असा संच ज्यास विलगीकरण ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय हे ठाऊक आहे त्याच्याच टेबलावर उघडावा. आणि तो ‘अर्थ’ करण्याच्या भरीस तर कोणी पडूच नये.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचातही २५० व्होल्टचा दाब असतो आणि तो वीज बंद केल्यावरही काही काळ मोठ्या कंडेन्सरांत दबा धरून राहतो. म्हणून चालू करून तपासलेला संच पुन्हा हाताळताना पिन उपसून ठेवावी, नुसत्या बटणावर विसंबू नये. दहा हजार ओहमच्या जाड रेझिस्टन्सला इन्शुलेशन असलेली वायर जोडून तो मुख्य कंडेन्सरच्या धन टोकास व चासीस काही सेकंद टेकवावा आणि मग मीटरने खात्री करून घ्यावी. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची मेकॅनिकांची सवय धाडसी खरी, पण अनुकरणीय नव्हे. चालू संचात मोजमाप घेताना एक हात खिशात असावा, पायांत रबरी चप्पल असावी आणि घरात दुसरे कोणी जागे असावे.

साहित्य फारसे लागत नाही. डिजिटल मीटर, पंचवीस ते चाळीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न, मृदू कुंचला, चिमटा आणि भरपूर उजेड. प्रथम चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. आज ते काम खिशातील फोन करतो. पूर्वी आम्ही वहीत आकृत्या काढीत असू, आणि हात व डोळे दोन्ही त्यामुळे तयार होत, हेही येथे नमूद करतो. मग कुंचल्याने धूळ काढावी. उंदराने घर केले असेल तर रबरी आवरणाच्या वायरी कुरतडलेल्या सापडतात. न कुरतडलेल्याही बोट लावताच बिस्किटासारख्या फुटतात. त्या सर्व बदलाव्या लागतात. मेन्सची वायर तर न पाहता नवी घालावी, तिच्या मार्गात फ्यूज बसवावा आणि ट्रान्सफॉर्मरचा संच असेल तर तीन पिनांची वायर घेऊन चासी अर्थला जोडावी. संचामागे २००, २२०, २४० असे आकडे असलेली व्होल्टची पट्टी असते. आपल्याकडे हल्ली दाब बहुधा २३०च्या वरच असतो, म्हणून खुंटी सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवावी.

आता मुख्य रोगाकडे वळू. व्हॉल्व्हचा रेडिओ बंद पडला की सर्वांचा संशय प्रथम व्हॉल्व्हवर जातो. वस्तुतः व्हॉल्व्ह हा त्यातील पुष्कळसा चिवट घटक. म्हातारे होतात ते कंडेन्सर. अॅल्युमिनियमच्या डब्यातील मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर हे पाण्याच्या टाकीसारखे. सरळ केलेल्या विजेतील हेलकावे ते पोटात घेतात. त्यांच्या आतील धातूवर ऑक्साइडचा जो अतिशय पातळ थर असतो तोच त्यांचा प्राण, आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो झिजतो. अशा स्थितीत पूर्ण दाब दिला, की कंडेन्सर वीज अडविण्याऐवजी वाहू देतो, तापतो, कधी फुटतो, आणि त्याच्याबरोबर सरळ करणारा व्हॉल्व्ह व मेन्स ट्रान्सफॉर्मरही जातो. व्हॉल्व्ह मिळेल, ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही. गुंडाळून घेण्याजोगा कारागीर हल्ली शोधावा लागतो. सावकाश वीज देऊन जुने कंडेन्सर पुन्हा सिद्ध करता येतात असे काही जाणकार सांगतात व ते खरेही आहे. तथापि पन्नास वर्षांचा डबा कितीही सिद्ध केला तरी त्याच्या भरवशावर संच घरात चालू ठेवावा असे मला वाटत नाही. जुना डबा शोभेसाठी जागेवर राहू द्यावा, त्याच्या तारा सोडवाव्यात आणि चासीच्या पोटात नवे कंडेन्सर बसवावेत. ५० मायक्रोफॅरडच्या जागी ४७ चा चालतो. मात्र ‘मोठा तो चांगला’ म्हणून २२०चा घालू नये. ई.झेड. ८० सारख्या व्हॉल्व्हची झेप पन्नासपर्यंतच आहे, त्यापुढे तो प्रत्येक वेळी भरावयाच्या लोंढ्याने लवकर खंगतो.

याहून घातक कंडेन्सर आकाराने करंगळीएवढा असतो. ध्वनी पहिल्या व्हॉल्व्हकडून ई.एल. ८४ कडे नेताना मध्ये एक कागदी कंडेन्सर असतो, बहुधा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा. त्याच्या एका बाजूस शंभरएक व्होल्टचा सरळ दाब, दुसऱ्या बाजूस ई.एल. ८४ ची ग्रिड नावाची जाळी. ध्वनीचा हेलकावा पलीकडे जाऊ द्यावयाचा आणि तो सरळ दाब अडवावयाचा, एवढेच त्याचे काम. मेणात बुडविलेला कागद आपल्याकडील चार-पाच डझन पावसाळे सोसून ओलसर झाला, की दाब थेंबथेंब पाझरू लागतो. जाळीवर शून्य असावयास हवे तेथे दोन-तीन व्होल्ट धन चढतात आणि व्हॉल्व्हवरचा लगाम सुटतो. तो दुप्पट प्रवाह ओढतो, त्याच्या आतील पत्रा लालबुंद होतो आणि तो सारा प्रवाह ज्या केसासारख्या तारेतून जातो ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार जळते. गंमत अशी, की हे सारे होत असताना रेडिओ गात असतो. थोडा घोगरा, पण गात असतो. त्यामुळे घरची मंडळी आनंदात असतात.

एका परिचिताकडे नेमके हेच घडले. वडिलांच्या वर्षश्राद्धास भावंडे जमली होती, तेव्हा वडिलांचा रेडिओ माळ्यावरून उतरवून लावला. तो लागला! एकीने डोळे पुसले, दुसऱ्याने फोनवर ध्वनिमुद्रण केले. तासाभराने जळका वास आला आणि आवाज थांबला. संच माझ्याकडे आला तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटलेली होती, ई.एल. ८४ खंगला होता आणि कागदी कंडेन्सरमधून जाळीवर सरळ वीज झिरपत होती. काही रुपयांच्या वस्तूसाठी हे झाले. दुसऱ्या एका मोडक्या संचातून ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत सात महिने गेले, आणि मग तो संच बोलू लागला. पण त्या भावंडांपैकी एकजण तोवर परदेशी परतला होता. म्हणून हा एक कंडेन्सर संचास वीज देण्यापूर्वी बदलावाच, तपासत बसू नये. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर जातीचा नवा कंडेन्सर कोणत्याही मोठ्या शहराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात मिळतो. मेन्सच्या तारेपासून चासीस जोडलेला कंडेन्सर असेल तर तोही काढावा. हवाच असेल तर त्या जागी ‘वाय’ वर्गाचा सुरक्षित कंडेन्सर घालावा, दुसरा कोणताही नव्हे.

बाकीचे रेझिस्टन्स मीटरने पाहावेत. कोळशाचे रेझिस्टन्स वयोमानाने वर चढतात. २२० किलोओहमचा तीनशेच्या पुढे गेलेला सापडणे नवल नाही. वीस टक्क्यांपलीकडे सरकलेला तेवढा बदलावा. काही मंडळी एकदा आयर्न तापले, की सरसकट सर्व भाग बदलत सुटतात. त्या उत्साहात दोन चुकीच्या जोडण्या होतात आणि मूळ दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. एक भाग बदलावा, पाहावे, वहीत लिहावे.

पहिली वीज देताना चाळीस किंवा साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा तंतूचा दिवा संचाच्या मार्गात एकसर जोडावा, एल.ई.डी. दिवा या कामी निरुपयोगी. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर आत गंभीर दोष नाही. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला तर कोठेतरी थेट जोड झाला आहे; पिन काढावी आणि पुन्हा शोध घ्यावा. जे नुकसान ट्रान्सफॉर्मरचे व्हावयाचे ते दिवा आपल्या अंगावर घेतो. ही परीक्षा उतरली की दिवा काढून संच थेट लावावा आणि लगेच ई.एल. ८४ च्या कॅथोडवर दाब मोजावा. तो सात व्होल्टच्या जवळपास आणि जाळीवर शून्य असेल तर निर्धास्त व्हावे.

व्हॉल्व्ह मिळतात का, असा प्रश्न नेहमी येतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले आणि त्यांचा जुना साठा अद्याप अधूनमधून हाती लागतो. ई.एल. ८४ तर आजही परदेशांत नवा तयार होतो, आणि त्याचे श्रेय गिटारवादकांचे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधील तो किंचित फाटलेला, उबदार नाद त्यांना दुसऱ्या कशात सापडत नाही. त्यांच्या हट्टापायी कारखाने चालू राहिले आणि त्याचा लाभ आपल्या आजोबांच्या रेडिओस झाला. ई.सी.एच. ८१ सारख्या, गिटारीस निरुपयोगी असलेल्या व्हॉल्व्हचे तसे नाही; तेथे जुन्या साठ्याचाच आधार.

केंद्र निवडणाऱ्या भागातील छोट्या डब्यांवर स्क्रू दिसतात. ते ‘ढिले’ वाटले तरी फिरवू नयेत. कारखान्यात ते ४५५ किलोसायकलच्या आसपास जुळवून ठेवलेले असतात आणि बरेचदा इतक्या वर्षांनीही जुळलेलेच निघतात. स्क्रू पिळणाऱ्याने बिघडविलेले संच पुन्हा जुळविण्यास सिग्नल जनरेटर लागतो आणि संयमही.

काटा हलविणारी दोरी तुटलेली असते, हे जवळजवळ गृहीत धरावे. ती सोडविण्यापूर्वी तिचा मार्ग कागदावर काढून ठेवावा, कोणत्या चाकावर किती वेढे आहेत हे मोजावे आणि न ताणणारी बारीक नायलॉनची दोरी ओवावी. हे काम व्हॉल्व्हपेक्षा अधिक पिडते. घरातील बारीक बोटांच्या व्यक्तीस, बहुधा शिवणकाम करणाऱ्या आईस अथवा आत्यास, विनवणी करणे श्रेयस्कर. डायलची काच पुसताना फार जपावे. केंद्रांची नावे काचेच्या मागल्या बाजूस रंगाने छापलेली असतात आणि ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्यात लाहोर, कोलंबो आणि मुंबई एकदमच नाहीशी होऊ शकतात. पुढची बाजू तेवढी पुसावी, मागची कोरड्या कुंचल्याने झटकून सोडून द्यावी. लाकडी पेटीस आधुनिक चकचकीत वॉर्निश फासू नये. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत, म्हणजे मूळचा पोत राहतो. कर्ण्याचा कागद फाटला असेल तर पतंगाच्या कागदाची चिंधी पातळ फेव्हिकॉलने चिकटवावी.

अलीकडे एक फॅशन दिसते. आतील सारे यंत्र काढून फेकावयाचे, पेटीत फोनशी बिनतारी जुळणारी तयार पट्टी बसवावयाची आणि ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवावयाचे. हा प्रकार मला मुळीच रुचत नाही, आणि त्याची गरजही नाही. बहुतेक संचांच्या मागे ‘पिकअप’ किंवा ‘ग्रामोफोन’ असे लिहिलेल्या दोन भोकांचा सॉकेट असतो. तबकडी वाजविण्यासाठी केलेली ही सोय सरळ ध्वनिवर्धकाकडे जाते. ट्रान्सफॉर्मरच्या संचात तेथे फोनचा ध्वनी एका लहानशा विलगीकरण ट्रान्सफॉर्मरमधून दिला, की जुनी नाट्यगीते त्याच ई.एल. ८४ मधून, त्याच कर्ण्यातून ऐकता येतात. ए.सी.-डी.सी. संचात हे कदापि करू नये.

रेडिओ म्हणून मात्र आज अपेक्षा माफक ठेवावी. मध्यम लहरींवरचा पसारा गेल्या काही वर्षांत आकसला आहे आणि एफ.एम. या संचांपैकी बहुतेकांस पकडता येत नाही. त्यातच घरातील चार्जर, इन्व्हर्टर आणि एल.ई.डी. दिवे अखंड खरखर निर्माण करतात. गच्चीवर दहा मीटर तांब्याची तार ताणावी आणि रात्री नऊनंतर घरातील शक्य तेवढी विजेची उपकरणे बंद करून काटा सावकाश फिरवावा. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या भागातील लहरी शोषणारा थर विरतो आणि दिवसा न पोचणारी दूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. मुंबई केंद्र रात्रीच ‘लागते’ असे वडीलधारी मंडळी म्हणत त्याचे कारण हेच.

काम पूर्ण झाल्यावर कोणता भाग कधी बदलला याची टिपणी कागदावर लिहून पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवावी. पूर्वीचे मेकॅनिक पेन्सिलीने तारीख लिहीत. टपाल कार्यालयातून वर्षाकाठी शिक्का मारून आणावयाचे परवान्याचे पुस्तकही कधीकधी मागच्या पुठ्ठ्याशी खोचलेले सापडते, ते तेथेच राहू द्यावे. पहिले दोन तास संच मागचा पुठ्ठा काढून, नजरेसमोर चालवावा. पाठीमागून हात मात्र घालू नये. पिन उपसून ट्रान्सफॉर्मरला स्पर्श केला असता तो कोमट असावा, चटका बसता कामा नये. मग पुठ्ठा लावावा, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे आणि हौसेने विणलेले ते लोकरीचे झाकण संच चालू असताना बाजूस काढून ठेवावे.